साहेब, जरा बोलायचं होतं!

मराठी माणसाला मागता येत नाही, असे म्हणण्याची एक पद्धत पडून गेली आहे. मला ते मुळीच पटत नाही. शेजारच्या बिऱ्हाडातून वाटीभर विरजण आपण मागतो, गणपतीची वर्गणी तर दारात पाय रोवून मागतो, मुलीला मागणी घालतो, आणि देवापुढे उभे राहिलो की मागण्यांची यादी संपता संपत नाही. आपले घोडे अडते ते एकाच ठिकाणी. ऑफिसातल्या काचेच्या दारावर टिचकी मारायची, आत जायचे आणि 'माझा पगार वाढवा' हे तीन शब्द उच्चारायचे म्हटले, की भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. मग तिनाचे तेरा होतात : "साहेब, जरा बोलायचं होतं, म्हणजे तसं काही विशेष नाही, पण वेळ असेल तर..." साहेबांना वेळ नसतो. आणि आपण, खरे सांगायचे तर, सुटल्यासारखे वाटून पुन्हा खुर्चीवर येऊन बसतो.

मी मराठी शिकवतो, त्यामुळे शब्द चिवडण्याची खोड मला आहे. 'पगार' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला, 'तनखा' फार्सीतून, 'मुशाहिरा' अरबीतून आणि 'वेतन' संस्कृतातून. पैसे देणारे हात बदलत गेले तसे शब्दही बदलत गेले. 'मागणे' हे क्रियापद मात्र घरचे आणि जुने. संस्कृतातला 'मार्ग्' हा धातू प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ आहे शोधणे. 'माग काढणे' यातला 'माग' याच घराण्यातला. गंमत अशी, की याच कुळातल्या 'मार्गण' या शब्दाचे संस्कृत कोशात दोन अर्थ सापडतात : एक याचक आणि दुसरा बाण. पगारवाढ मागायला निघालेला माणूस बहुधा पहिल्या अर्थाने साहेबांच्या खोलीत शिरतो. आणि मागण्याआधी शोधायचे असते, हा धातूचा अर्थ दाराबाहेरच्या पायपुसण्यावर ठेवून जातो.

याला कारण नाही असे नाही. आपल्या पांढरपेशा घरांतून पगार हा दोन-तीन पिढ्या वरून येत गेला. महागाई भत्ता दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९४० साली त्यासाठी संप केला होता. केंद्र सरकारचा पहिला वेतन आयोग १९४६ सालचा. आठव्याची घोषणा २०२५च्या जानेवारीत झाली. बँकेतल्या मंडळींचा पहिला द्विपक्षीय करार १९६६ साली झाला आणि बारावा २०२४ साली. अशा व्यवस्थेत वाढलेले माणूस पगार मागत नाही, थकबाकीची वाट पाहते. महागाईचे गाऱ्हाणे त्याला घालावे लागत नाही, त्याच्या वतीने निर्देशांक ते घालतो. अर्थात हे निर्देशांक आणि करार आभाळातून पडलेले नाहीत. त्यामागे कुणीतरी आधी मागितलेले आहे, आणि ते कसे मागितले हे पाहण्यासारखे आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या वाचाव्यात. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याची काही सोय व्हावी. त्या काळच्या कामगारांपाशी दुःखे काय थोडी होती? पण कागदावर जे उतरले ते घड्याळात आणि पंचांगात मोजता येईल असे. रविवारच्या सुट्टीला सहा वर्षे लागली, ती १८९० साली मिळाली. (आपण आज रविवारी दुपारी जेवून आडवे होतो, त्या झोपेवर लोखंड्यांचे ऋण आहे.)

एकत्र मागण्याची जागा एकट्याच्या कागदाने भरत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. आमच्या महाविद्यालयातच तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण सहकारी आहेत. त्यांच्या तासाचा दर शासन निर्णयाने ठरतो. त्यांनी आपल्या कामाचा कितीही सुरेख आलेख प्राचार्यांपुढे ठेवला, तरी तो दर प्राचार्यांच्या हातात नाही. तिथे सह्यांचाच कागद लागतो. पण खाजगी कारखान्यात, पेढीत, कंपनीत काम करणाऱ्याचे तसे नसते. तिथे आयोग नाही, करार नाही. समोरचा एक माणूस आहे, आणि पुष्कळदा निर्णय त्याच्या हाती आहे. अशा जागी मागायचे कसे, हे आमच्या घरात गेल्या हिवाळ्यात शिकावे लागले.

माझी धाकटी बहीण भोसरीच्या एका कारखान्यात हिशेबखात्यात आहे. मोटारींना लागणारे पत्र्याचे सुटे भाग तिथे तयार होतात. नऊ वर्षांची नोकरी, पगार दरमहा ३८,००० रुपये. (तिच्या परवानगीने लिहितो आहे.) गेल्या दिवाळीनंतर तिच्या हाताखाली एक नवा मुलगा नेमला गेला, अनुभव दोन वर्षांचा, पगार मात्र तिच्यापेक्षा अधिक. हे तिला कुणी येऊन सांगितले नाही. पगारपत्रक तीच तयार करते!

"दादा, दर महिन्याला तो आकडा मीच टाइप करते," ती म्हणाली. आकडा किती, ते तिने मला सांगितले नाही, तिच्या यजमानांनाही नाही. "माझ्यापेक्षा जास्त आहे, एवढंच." आणि खरी अडचण तीच होती. जी गोष्ट तिला सर्वांत अधिक टोचत होती, नेमकी तीच तिला तोंडातून काढता येत नव्हती. काढली असती तर नऊ वर्षे ज्या विश्वासाने ते पत्रक तिच्याकडे राहिले, तो विश्वास एका वाक्यात संपला असता.

तिचे यजमान राष्ट्रीयीकृत बँकेत, मी अनुदानित महाविद्यालयात. म्हणजे घरात पदव्या पुष्कळ, पण पगार मागण्याची विद्या कुणालाच अवगत नाही! तिने एक अर्ज लिहून आणला होता. कंपनीत तो इंग्रजीतूनच जायचा, पण मन मोकळे होते ते मराठीत, म्हणून आधी मराठीत लिहिलेला. 'गेली नऊ वर्षे मी प्रामाणिकपणे सेवा करीत आहे' अशी सुरुवात. मग वाढती महागाई, मुलाचे दहावीचे वर्ष, सासूबाईंचे औषधपाणी, घराचा हप्ता. आणि शेवटी 'तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती'. अक्षर मोत्यासारखे. एकही शब्द खोटा नव्हता. पण मी पेन्सिल घेऊन खुणा केल्या, तेव्हा तिच्या गरजांना पाच ओळी मिळाल्या होत्या आणि तिच्या कामाला एकच शब्द : 'प्रामाणिकपणे'.

हा अर्जाचा साचा आपल्याकडे फार जुना आहे. वरिष्ठ हा दाता आणि आपण आश्रित, असे गृहीत धरूनच तो बेतलेला. त्यात एक व्यवहारी खोटही आहे. महागाई साहेबांनाही आहे, शिपायालाही आहे आणि त्या नव्या मुलालाही आहे. जे कारण सगळ्यांना सारखे लागू पडते, त्याच्या जोरावर एकट्याचा पगार कसा वाढवायचा? साहेब सज्जन असला तर हळहळतो, आणि हळहळून झाले की विषय संपतो.

मग आम्ही अर्ज बाजूला ठेवला आणि तिच्याच धंद्यातली रीत धरली. एक दोनशे पानी वही घेतली. पानाच्या मध्ये रेघ मारली. डावीकडे काय केले ते तारखेसह लिहायचे. उजवीकडे, ते केले नसते तर काय झाले असते ते रुपयांत लिहायचे. पहिल्या संध्याकाळी डावी बाजूही भरेना. "रोजचंच काम आहे रे, त्यात काय लिहायचं?" हे ती दर दहा मिनिटांनी म्हणे. मी तिला म्हटले, काल दिवसभर काय केलंस तेवढंच सांग. तेव्हा हळूहळू गाडी जीएसटीवर आली.

हा कर १ जुलै २०१७ रोजी आला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण २०२२च्या जानेवारीपासून त्यात एक कडक नियम आहे. कारखान्याने कच्चा माल घेताना जो कर भरला त्याची वजावट मिळायची, तर माल विकणाऱ्याने आपल्या विवरणपत्रात ते बिल दाखवलेले असले पाहिजे. त्याने आळस केला की भुर्दंड घेणाऱ्याला. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विकणाऱ्याने विवरण भरायचे, १४ तारखेला कोणती बिले लागली याचा तक्ता निघतो, आणि २० तारखेपर्यंत घेणाऱ्याने कर भरायचा. माझी बहीण आठ तारखेपासून पुरवठादारांना फोन सुरू करते, आणि १४ला ज्यांचे बिल दिसत नाही त्यांचे पुढचे पैसे रोखून धरते. हे तिला कुणी सांगितलेले नव्हते. वर्षभराचे तक्ते काढून बेरीज केली तेव्हा, तिने मागे लागून सोडवून घेतलेली वजावट ४ लाख ३० हजार रुपये निघाली.

ती त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "पण दादा, हे तर माझं कामच आहे."

"तुझंच आहे. पगारही त्याचाच मागायचाय, दहावीच्या क्लासचा नाही."

त्यानंतर तिला कुणी सांगावे लागले नाही. लहान उद्योगांची बिले ४५ दिवसांच्या आत न चुकवल्यास तो खर्च त्या वर्षी करासाठी वजा धरत नाहीत, हा नियम १ एप्रिल २०२४ पासून आला. कोणते पुरवठादार त्यात बसतात याची यादी तिने मार्चमध्येच करून ठेवली होती. गाड्यांच्या कंपन्या सदोष माल म्हणून पैसे कापून घेतात, त्या कपातींतल्या चुकीच्या शोधून तिने १ लाख ८० हजार परत मिळवले होते. नव्या मुलाला काम शिकवले, ही चौथी नोंद. ती लिहिताना तिचा हात जरा थबकला, पण लिहिली.

आता आकडा. 'तुम्ही द्याल ते' हे आपल्याकडे सौजन्य समजले जाते. वास्तविक तो आकडा ठरवण्याचा कंटाळा असतो, आणि त्यात तोटा मोठा आहे. टव्हर्स्की आणि कानमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवायचे आणि मग विचारायचे, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश शेकडा किती? चक्र १०वर थांबलेले पाहणाऱ्यांचा अंदाज २५च्या आसपास आला, ६५वर थांबलेले पाहणाऱ्यांचा ४५च्या. चक्राचा आणि आफ्रिकेचा संबंध काय? काही नाही! पण कानावर पहिला पडलेला आकडा मनात खुंटीसारखा रुतून बसतो. तो आपण सांगितला नाही, तर साहेब सांगतात. आणि साहेबांची खुंटी नेहमी जमिनीलगत असते.

पण आकडा हवेतून आणून चालत नाही. पगारपत्रक तर तिने स्वतःलाच वर्ज्य केलेले. तिने नोकरीच्या जाहिराती चाळल्या, माणसे पुरवणाऱ्या दोन एजन्सींना फोन केला, चाकण आणि पिंपरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या जुन्या मैत्रिणींना गाठले. तिच्या अनुभवाच्या माणसाला ४६ ते ५२ हजार मिळतात, असे निघाले. तिने ५०,००० मागायचे ठरवले आणि वहीच्या शेवटच्या पानावर ४४,००० लिहून ते पान दुमडले. त्याखाली मिळाले तर दुसरीकडे अर्ज करायचा.

एवढी खटपट कशाला, असे मेव्हण्यांनी विचारले. त्यांना मी हिशेब करून दाखवला. खाजगीतली वाढ टक्क्यांत असते, आणि टक्के आधीच्या पगारावर बसतात. आज दरमहा ६,०००चा फरक पडला, तर दरसाल ६ टक्के वाढ धरून दहा वर्षांनी तोच फरक दरमहा १०,७००च्या वर जातो. बँकेतल्या माणसाला चक्रवाढ समजावून सांगण्याचा योग मला पुन्हा येईलसे वाटत नाही.

वेळ निवडणे त्यामानाने सोपे गेले. पुढच्या वर्षाचा खर्च फेब्रुवारीत ठरतो, पत्रे एप्रिलमध्ये येतात. पत्र आल्यावर मागणे म्हणजे पंगत उठल्यावर जिलबी मागणे. मार्चमध्ये हिशेबखात्याला मान वर करायला फुरसत नसते, आणि २० तारखेच्या आसपास साहेबांपुढे जाणे कधीच शहाणपणाचे नाही. म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा ठरला.

आणि मग तालीम. मी साहेब झालो, जेवणाचे टेबल हे साहेबांचे टेबल. ही गोष्ट मी गंमत म्हणून सुरू केली, पण मला सर्वांत अधिक शिकवले ते तिने. मराठीत शब्द बोथट करणारे शब्द किती आहेत! 'जरा', 'तसं', 'जमल्यास', 'म्हणजे कसं की', 'आपलं उगीच'. एरवी हे शब्द म्हणजे आपल्या बोलण्यातले तूप. पण इथे दर वाक्याला त्यांतला एक येई आणि वाक्याची धार जाई. "मला पन्नास हजार अपेक्षित आहेत" असे म्हणून ती क्षणभरही थांबत नसे. लगेच "म्हणजे जमलं तर हं" ही शेपटी. आकडा सांगून गप्प बसणे, हे तिला सात-आठ तालमींनंतर साधले. शांतता फार लांबली की तिने मनात पाढे म्हणावेत असे ठरले. तेराचा पाढा पुरला.

बायकांनी असे रोखठोक मागितले की ते उद्धट दिसते, अशी शंका तिच्या सासूबाईंनी काढली. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बायका मागतच नाहीत, असा समज बरीच वर्षे होता. ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ४,६०० नोकरदारांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की बायकाही पुरुषांइतक्याच वेळा मागतात. पण मागितल्यावर पुरुषांना २० टक्के वेळा मिळते आणि बायकांना १५ टक्के वेळा. म्हणजे दोष मागणारीच्या संकोचावर ढकलून मोकळे होता येत नाही. ऐकणाराही तोलून पाहायला हवा. सासूबाईंनी हे ऐकून घेतले आणि त्या म्हणाल्या, "मग तर कागद दोन प्रती ने. एक त्यांच्याकडेच राहू दे."

त्या दिवशी तिने सकाळीच साहेबांना सांगितले, "सर, मला पंधरा मिनिटं हवीत. माझ्या पगाराबद्दल बोलायचं आहे." 'जरा' नाही. दुपारी चार वाजता ती आत गेली. कागद एकच पान, चार नोंदी, खाली आकडा. साहेबांनी जीएसटीच्या नोंदीवर बोट ठेवून दोन प्रश्न विचारले. तिने महिनावार तक्ता पुढे सरकवला. मग ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले,

"मॅडम, खरं सांगा. त्या नव्या मुलाचा पगार पाहून आलात ना?"

या प्रश्नाची तालीम आम्ही केलेली नव्हती. तिने घरी येऊन सांगितले, तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. ती म्हणाली होती, "पगारपत्रक माझ्याकडे विश्वासानं आहे, सर. या कागदावर त्यातला एकही आकडा नाही. असला तर दाखवा."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. तेराचा पाढा तिचा पूर्ण झाला, चौदाचा सुरू झाला. शेवटी ते म्हणाले, "एवढी वाढ एकदम दिली तर बाकीचे रांग लावतील. बघतो." या 'बघतो'वर आपली पुष्कळ मंडळी परत फिरतात. तिने विचारले, "कधीपर्यंत कळेल, सर?" त्यांनी फेब्रुवारीची १५ तारीख सांगितली. १५ला काही कळले नाही. १६ला तिने दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवले.

पत्र एप्रिलमध्ये आले. ४४,००० रुपये. दुमडलेल्या पानावरचा आकडा. घरात पेढे आणायची भाषा सुरू झाली, पण ती पत्रातला तक्ता वाचत बसली होती. वाढ ६,०००ची, त्यातले मूळ पगारात १,००० आणि 'विशेष भत्ता' या नावाखाली ५,०००. हातात पैसे तेवढेच येतात, मग फरक काय, असे वाटेल. फरक होता. १९७२च्या कायद्याने रूढ केलेले आणि २०२५पर्यंत चाललेले ग्रॅच्युइटीचे सूत्र असे होते : शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ने भागायचे, १५ने गुणायचे, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. विशेष भत्ता त्यात येत नसे. म्हणजे ते ५,००० मूळ पगाराबाहेर राहिल्याने, तिच्या झालेल्या नऊ वर्षांचेच जवळजवळ २६,००० रुपये बुडत होते, आणि पुढचे दर वर्षाला सुमारे २,९००. तिने हे एका चिठ्ठीवर मांडले आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आत गेली. या वेळी तालीम लागली नाही.

मे महिन्यात सुधारलेले पत्र आले. ५,०००पैकी ३,००० मूळ पगारात सरकले. उरलेल्या ६,०००चे बोलणे ऑक्टोबरात करू, असे साहेब तोंडी म्हणाले. ते तिने त्याच संध्याकाळी ई-मेलने लिहून त्यांच्याकडे पाठवले, सासूबाईंकडे एक छापील प्रत ठेवली.

हा लेख लिहीत आहे तो ऑगस्ट संपत आला आहे. परवा ती राखी बांधायला आली तेव्हा वही बरोबर होती. पाचव्या नोंदीची डावी बाजू भरलेली होती, १२ ऑगस्ट अशी तारीख घालून. उजव्या बाजूचा आकडा अजून यायचा आहे. पुरवठादाराने बिल कधी दाखवले ते १४ सप्टेंबरच्या तक्त्यात कळेल.